नोंदवहीतली कोरी ओळ

मित्रांनो, कपाटात सगळ्यात खाली, कोपरे झिजलेली जी जाडजूड वही दिसते ना, ती मी. एका सरकारी कचेरीची आवक नोंदवही. खिडकीवर अर्ज आला की माझ्यात त्या त्या यादीच्या पानावर क्रमांक, नाव आणि तारीख लिहायची, तोच क्रमांक पावतीवर घालायचा. वाचायला मी कंटाळवाणी आहे, हे मला ठाऊक आहे. पण रांगेत आधी कोण आणि मागून कोण, हे फक्त मीच सांगू शकत असे, आणि त्याचा मला तोरा होता.

माझा कारकून भला माणूस. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड त्याला खपायची नाही. एकदा संध्याकाळी खिडकी बंद होता होता एक आजी धापा टाकत आल्या. डोळ्यांच्या मोफत ऑपरेशनसाठी पहिल्या दहा जणांची यादी व्हायची होती. नऊ अर्ज आले होते, आणि आजी फोटो घरी विसरल्या होत्या.

"उद्या आणून द्या, आजी. तुमची ओळ ठेवतो," कारकून म्हणाला. त्याने दहाचा आकडा घातला आणि पुढे कोरं सोडलं. सकाळी सगळ्यात आधी आलेल्या माणसाला अकरा क्रमांक मिळाला. दुपारी आजींची मुलगी फोटो देऊन गेली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग ते अंगवळणीच पडलं. रोज संध्याकाळी एक ओळ कोरी. कधी शेजाऱ्याच्या भाच्यासाठी, कधी कोणाच्या ओळखीच्यासाठी. पुढे एका कंत्राटदाराने कारकुनाच्या मुलाला नोकरी लावली, आणि कोरी ओळ कोणाला द्यायची हे कंत्राटदार ठरवू लागला.

त्याच सुमारास बाजारातले वीस गाळे अर्जांच्या क्रमाने वाटायचे ठरले. एक शिलाईवाली एका दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून बसायची. दुकानदाराने तिला महिनाअखेर उठायला सांगितलं होतं. तिच्या पावतीवर आकडा होता एकवीस. तिचं नाव यादीत आलं नाही.

शेजारी बसणाऱ्या किल्लीवाल्याने आपली पावती काढली. "ताई, माझा एकोणीस. माझ्यानंतर लगेच खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी पहिलं कोण होतं?"

"मीच, काका. दार उघडायच्या आधीपासून उभी होते."

"मग हा वीस कुठून उपटला?"

दोघं पावत्या घेऊन नव्या अधिकारी बाईंकडे गेली. बाईंनी मला मागवलं. विसाव्या ओळीत वेगळ्याच शाईत कंत्राटदाराच्या मेहुण्याचं नाव होतं. कारकुनाने मान खाली घातली.

"एका आजींची अडचण म्हणून सुरू केलं होतं, बाई. डोळ्यांच्या यादीत."

"ती माझी आई," शिलाईवाली म्हणाली. "आईला दिसायला लागलं. घरात आम्ही अजून तुमचं नाव काढतो. पण अकरावा कोण होता, हे मी कधी विचारलंच नाही."

मेहुण्याची नोंद रद्द झाली, गाळा शिलाईवालीला मिळाला आणि कारकुनामागे चौकशी लागली. तेव्हापासून खिडकी बंद करताना शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारतात, आणि रांगेतला शेवटचा माणूस तिथे सही करतो. फार काही लागत नाही, एक पट्टी आणि पेन.

गाळ्याचा कागद घ्यायला आली तेव्हा शिलाईवालीने बाईंकडे माझं डोळ्यांच्या यादीचं जुनं पान पाहायला मागितलं. अकराव्या ओळीत एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं नाव होतं. तिने पत्ता उतरवून घेतला. चार दिवसांनी परत आली आणि बाईंच्या समोर बसली.

"भेटले?" बाईंनी विचारलं.

"भेटले. दुकान कधीच बंद केलंय त्यांनी. मला म्हणाले, जरा जवळ ये, मला दिसत नाही."

मित्रांनो, पावती मागून घ्या. पुढच्याचा आणि मागच्याचा क्रमांक विचारत जा. आणि कोणी तुमच्यासाठी एखादी ओळ कोरी ठेवली, तर आधी तिच्या खालचं नाव वाचा.