टेकडीवरचा सातवा ठोका

मित्रांनो, मी रेल्वेच्या रुळाचा एक जुना तुकडा आहे. हातभर लांब आणि एकट्याने उचलताना कंबर धरावी इतका जड. पुनावळ्याच्या टेकडीवर पिंपर्णीच्या झाडाला मी साखळीने टांगलेला आहे. माझ्याशेजारी सुतळीला बांधलेला एक लोखंडी बोल्ट लोंबतो. त्याने मला ठोकले की माझा आवाज थेट पायथ्यापर्यंत जातो.

माझा जन्म भट्टीत झाला. तेव्हा मी फार लांब होतो. चिंचवडजवळ वीस वर्षे मी आगगाड्यांचा भार वाहिला. मग रूळ बदलले, मला कापले आणि भंगारात टाकले. तिथून मला वजीर मिस्त्रीने उचलले. चिंचवडला त्याचे ट्रक दुरुस्तीचे दुकान होते. त्याने माझी ऐरण केली. दिवसभर हातोडीचे घाव खात मी तिथे सुखात होतो.

पुढे पिंपरीत नवा कारखाना निघाला. जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे कामाला आली. त्यांत तुळजापूरकडचा ज्योतीराम होता. डोंगर पळत चढण्याची त्याला लहानपणापासून सवय. इथे सपाटीवर त्याचे पाय शिवशिवत. एकदा वजीरच्या दुकानात बसून त्याने एक टूम काढली. दर बुधवारी पहिली पाळी सुटली की सायकलींनी पुनावळ्याला जायचे आणि टेकडी पळत चढून पळत उतरायची.

"आणि बक्षीस काय, भाऊ?" वजीरने विचारले.

"घाम," ज्योतीराम म्हणाला.

तरीही सात जण जमले. कोण खरोखर माथ्यापर्यंत गेला, हे खाली कसे कळणार? म्हणून ज्योतीराम आणि वजीरने मला बांबूला बांधून वर आणले. वर पोहोचलेल्या प्रत्येकाने मला एक ठोका द्यायचा. कारखान्यातले वयस्क टाइमकीपर उद्धवराव पायथ्याशी घड्याळ धरून बसत आणि ठोके मोजत.

थोड्याच दिवसांत मी सगळे हात ओळखू लागलो. ज्योतीरामचा ठोका उतावळा, वजीरचा नेमका. सर्वांत शेवटी यायचा सोनबा. तो पुनावळ्याचाच, यशोदाबाईंचा एकुलता एक मुलगा. तिशीचा, अंगाने जाड, धापा टाकत येणारा. हळूच ठोका द्यायचा, मग घामेजलेला तळहात माझ्या पाठीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आलो बरं का, दादा." मला दादा म्हणणारा तो एकटाच.

छप्पन्न सालच्या श्रावणातला एक बुधवार. टेकडीवर ढग उतरले होते. दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हते. सहा ठोके पडले, सहा जण उतरून गेले. बऱ्याच वेळाने सोनबा आला. सातवा ठोका दिला, हात ठेवला आणि ढगात शिरला. त्याची वाट चुकली. तो मावळतीकडे वळला. तिकडे दगडाची जुनी खाण आहे.

मला दगड घसरल्याचा आवाज आला. मग त्याची हाक आली.

"वजीरभाऊ! उद्धवराव! मी हितं हाय!"

पण खाली कोणी नव्हते. सात ठोके ऐकून उद्धवरावांनी घड्याळ खिशात टाकले होते. त्यांना पुण्याची गाडी गाठायची होती. बाकीच्यांना वाटले, सोनबा गावचाच, परस्पर घरी जाईल. यशोदाबाईंना वाटले, मित्रांबरोबर चहाला गेला असेल.

तो दिवेलागणीपर्यंत हाका मारत होता. वाऱ्याने बोल्ट हलला, पण माझ्यापर्यंत आला नाही. मला आपण होऊन वाजता येत नाही. हाक बारीक होत गेली आणि थांबली. सकाळी गावकऱ्यांनी त्याचा देह खाणीतून वर काढला.

दोन महिने टेकडीवर कोणी आले नाही. कार्तिकात ज्योतीरामने पुन्हा सगळ्यांना गोळा केले. आकाश स्वच्छ होते. सहा जण आले, सहा ठोके पडले, सहाही जण खाली दिसेनासे झाले. वारा नव्हता. बोल्ट सरळ लोंबत होता.

आणि मी वाजलो.

मित्रांनो, मी खोटे सांगत नाही. मला हात दिसला नाही. बोल्ट हललासुद्धा नाही. फक्त माझ्या पाठीवर, तळहाताएवढ्या जागी, ओल आली.

ज्योतीराम आणि वजीर धावत परत वर आले. "कोण आहे?" ज्योतीराम ओरडला. माथ्यावर कोणीच नव्हते. वजीरने मला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

"ज्योतीराम, हा अजून थरथरतोय."

पुढच्या बुधवारी तेच झाले. त्याच्या पुढच्याही. पळणारे सहा आणि ठोके सात. चौथ्या बुधवारी कोणी पळाले नाही. सगळे चालत वर आले. गुडघे धरत उद्धवरावही आले. आणि त्यांच्यापुढे, अनवाणी, यशोदाबाई होत्या. गेले तीन बुधवार त्या पायथ्याशी उभ्या राहून ठोके ऐकत होत्या, हे मला तेव्हा कळले.

"यशोदाबाई, आम्ही हे पळणं बंद करतो," उद्धवराव म्हणाले. "तुमच्या जिवाला त्रास नको."

"बंद? मंग त्यो कुनासंगं पळंल?"

उद्धवरावांनी टोपी काढून हातात घेतली. "मी सात ठोके मोजले, बाई. खाली उतरलेली माणसं मोजली नाहीत."

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "मी बी भाकरी करत बसले व्हते," त्या म्हणाल्या. "येईल म्हनून. आज बसूया समदी. त्यो येस्तवर."

सगळे गवतावर बसले. सूर्य टेकला. पाखरे गप्प झाली. वजीरचे ओठ हळूहळू हलत होते, तो काहीतरी पुटपुटत होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, कोणीही न ठोकता, मी वाजलो.

यशोदाबाई उठल्या. त्यांनी माझ्या पाठीवर त्या ओल्या जागी हात ठेवला.

"आलास व्हय? चल आता. लई उशीर झाला. हे समदे थांबल्यात तुझ्यासाठी."

त्या उतरू लागल्या. उजवा हात किंचित बाजूला धरलेला, बोटे मिटलेली. त्यांच्यापुढे कोणी गेले नाही. मी वरून पाहत होतो. त्यांच्या उजव्या अंगाचे वाळके गवत पावलापावलाला दबत होते. मायलेक वळणाआड गेल्यावर गवताची पाती एकेक करून पुन्हा उभी राहिली.

त्यानंतर सातवा ठोका पडला नाही. आज एकोणसाठ साल आहे. ज्योतीराम आणि मंडळी अजून बुधवारी पळतात. उद्धवराव उतरलेल्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजतात आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय कोणी सायकलवर बसत नाही. मी मात्र गंजलो आहे. साखळी झिजली आहे. कधीतरी मी खाली पडेन आणि गवतात बुजून जाईन.

माझी त्याला हरकत नाही. मला तेल लावू नका, शेंदूर तर मुळीच फासू नका. एवढेच करा, की कुठेही मिळून गेलात तर निघण्याआधी सगळे आले का ते पाहा. मागे राहिलेला माणूस हाक मारत असतो. ती मला ऐकू आली होती, पण मी जागचा हलू शकलो नाही. मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत.