जुनं आधी

बाबांच्या कपाटातून बाहेर पडायचं तर वस्तूला आधी म्हातारं व्हावं लागतं, असं आत्या म्हणायची. ती बाबांची धाकटी बहीण, तेव्हा तिला तोंड सोडायची मुभा होती. बाकीच्यांनी हसून घ्यायचं आणि बोटांमधून निसटणारा साबणाचा पापुद्रा पुरता विरेपर्यंत घासत बसायचं. नवी वडी कपाटात असे. किल्ली बाबांच्या खिशात असे.

बाबा रंगाच्या कारखान्यात भांडारपाल होते. सगळी नोकरी त्यांनी एका जाळीच्या खिडकीमागे काढली. रंगाचे डबे, ब्रश, नटबोल्ट, हातमोजे, धुळीचे मास्क, जे काही लागेल ते त्या खिडकीतून त्यांच्या हाताने बाहेर जायचं. त्यांचा नियम एकच होता, जुनं आधी. आधी आलेला माल आधी जाणार, नवा मागे रचला जाणार. रंग गोठतो, रबर विरतं, म्हणून हा नियम, आणि कारखान्यात तो शहाणपणाचाच होता. तिथे माल रोज हलायचा. घरात काही हलत नव्हतं. आधीचं संपल्याशिवाय नव्याची पाळी येत नसे, आणि पाळी येईतो नवंही जुनं होऊन बसलेलं असे. कारखान्यातले लोक त्यांना 'कुलूप' म्हणत. आईच्या कानावर ते कधीतरी आलं आणि तिला फार आवडलं. ताटं घेतली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "कुलूप आलं का जेवायला?"

निवृत्त होताना कारखान्याने भंगारात काढलेलं एक लोखंडी कपाट बाबा घरी घेऊन आले. ते मधल्या खोलीत उभं राहिलं ते कायमचं. प्रत्येक खोक्यावर ते निळ्या खडूने महिना लिहीत. बाकी सगळं डोक्यात.

नव्या साथीची बातमी आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मुलीने ती पाहिली आणि आपल्या हातातला कप मुद्दाम हळू खाली ठेवला. आई गेल्यावर ती आपलं बिऱ्हाड मोडून बाबांकडे राहायला आली होती. इथल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून तिला काम मिळालं होतं. आता महाविद्यालय बंद झालं आणि ती दिवसभर घरात, बाबांची लगबग पाहत.

लगबग तरी किती. तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तेलाचे डबे. तापाच्या गोळ्या, फिनेल, साबण, थर्मामीटर, हातमोजे, मास्क. रोज सकाळी पिशव्या घेऊन बाहेर पडायचे ते घामाघूम होऊन परतायचे, आणि मग कपाटाची पुनर्रचना. नवं मागे, जुनं पुढे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नव्हे, असं जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. ते खोटं नव्हतं. विहीर त्यांनी मागच्या वेळीही वेळेवर खणली होती. पाणी तेवढं कुणाला काढू दिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची शिंपीण उसवलेली उशी शिवून द्यायला वर आली, ती उघड्या कपाटापुढे थबकली. काकांच्या घरी जन्माला यायला हवं होतं, म्हणाली, केवढी ही तयारी.

"मागच्या वेळीही होती," मुलगी म्हणाली.

शिंपिणीने उशी खुर्चीवर ठेवली आणि चूल पेटती ठेवून आल्यासारखी निघून गेली. बाबांना काही ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही.

मागच्या वेळी ताप आधी बाबांना आला होता. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं आणि आत-बाहेर करायचं काम आईकडे आलं. म्हणजे कुणी दिलं नाही, ते तिचंच होतं. तेव्हाही कपाटात चांगले, जाड, नाकावर घट्ट बसणारे मास्क होते, साथीसाठी म्हणून बाबांनीच रांगेत उभं राहून आणलेले. पण त्यांच्या पुढ्यात कारखान्यातल्या धुळीच्या मास्कांचं एक खोकं होतं. नाकाजवळचा स्पंज पिवळा पडलेला, इलॅस्टिक सैल. बाबांनी अंथरुणातूनच सांगितलं, आधी ते संपव. आईने ऐकलं. तुटलेल्या इलॅस्टिकला ती गाठ मारायची, साबणाच्या पाण्यात मास्क बुचकळून खोलीबाहेरच्या स्टुलावर वाळत टाकायची. फोनवर तिने हे सगळं लेकीला विनोद म्हणून सांगितलं होतं. तुझ्या बाबांचा जीव माझ्यात नाही बाई, खोक्यात आहे. लेक तेव्हा दूर दुसऱ्या शहरात होती. ती रागावली, आईने विषय बदलला.

बाबा बरे झाले. आई रुग्णालयात गेली ती आलीच नाही.

दुसरा मास्क असता तर काय झालं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टर तेच म्हणाले, आणि मुलीने नंतर जे मिळेल ते वाचून काढलं त्यातही तेच होतं. म्हणून ती गप्प राहिली. भेटायला आलेल्यांपैकी जो तो नशिबावर बोलून गेला. सगळे पांगल्यावर तिने उघड्या राहिलेल्या कपाटात डोकावून पाहिलं, तर चांगल्या मास्कांचं खोकं जागच्या जागी होतं. चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती. तेव्हा बोलली असती तर तिला थांबता आलं नसतं, आणि घरात बोलायला उरलेलं माणूस एकच होतं. ते संपवून चालणार नव्हतं. तिने कपाटाचं दार लोटलं.

या वेळी ताप आत्याला आला. वहिनी गेल्यावर दादाचं कसं व्हायचं म्हणून ती आली होती आणि राहून गेली होती. तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेने सगळं नीट समजावून सांगितलं. वेगळी खोली, उघड्या खिडक्या, आत जाणारं माणूस एकच, आणि त्याच्या तोंडावर चांगला, फटी न ठेवणारा मास्क. आत्या आपल्या पायांनी मागच्या खोलीत गेली, दारातून वळून म्हणाली, "माझ्या मागे रडू नका, माझं अजून जेवायचं राहिलंय." आणि दार लावून घेतलं.

आत जाणारं माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. तिच्या धाकट्या भावाचा फोन आला, तोही ते धरूनच चालला होता. ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, म्हणाला. आणि बाबांशी सांभाळून बोल, त्यांचं वय झालंय.

"आईचंही होत होतं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

दुपारी ताट वाढून ती मधल्या खोलीत आली. बाबांनी कपाट उघडून तिच्यासाठी माल काढून ठेवला होता आणि कपाट परत लावलंही होतं. टेबलावर हातमोज्यांची जोडी आणि पुठ्ठ्याचं एक खोकं. तिने हातमोजे उचलले. ते एकमेकांना चिकटून एक झाले होते, सोडवायला गेली तर अंगठ्याची बाजू तिच्या हातात आली. मग तिने खोकं पाहिलं. खडूचा महिना पुसट झाला होता, पण खोकं ओळखायला तिला महिन्याची गरज नव्हती. झाकण उघडल्यावर पिवळ्या स्पंजाची भुकटी बोटांना लागली.

सगळ्यात वरच्या दोन-तीन मास्कांच्या इलॅस्टिकला गाठी होत्या. बारीक, ओढून घट्ट केलेल्या. आईची पद्धत तशी होती. गाठ मारली की दाताने टोक ओढायची. सवडीने बसून तिने पुढच्या दिवसांचे मास्क आधीच करून ठेवले असणार. ते वापरायचे राहिले.

"इलॅस्टिक जरा सैल आहे," बाबा म्हणाले. "पण वरच्यांना गाठी मारलेल्याच आहेत बघ. तुला काही करायला नको."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माल द्यायचा, माल दिला, एवढंच.

"किल्ली द्या, बाबा."

हे संपू दे, ते म्हणाले. नवे कुठे पळून जातात? उद्या याहून वाईट दिवस आले, तर आपल्याकडे चांगलं काहीतरी शिल्लक नको?

"आई गेली तो दिवस कसा होता?" तिने विचारलं. आवाज तिने चढू दिला नाही. आपण ओरडलो तर बाबा आपल्या ओरडण्यावर बोलायला लागतील, हे तिला ठाऊक होतं. "तुमच्या हिशेबात तो कुठे बसतो? तो पुरेसा वाईट नव्हता का?"

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"या गाठी कुणी मारल्यात, माहीत आहे ना तुम्हाला? चांगलं खोकं तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तुम्ही अंथरुणात पडून तिला सांगितलंत, आधी हे संपव. ती संपली. खोकं बघा, अजून अर्धं आहे."

किल्ली निघाली नाही. बहुधा त्यांना काढता येत नव्हती. इतक्या वर्षांत जाळीच्या खिडकीवर साहेबांनी हात आपटले होते, कामगारांनी शिव्या दिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात असाच खिशावर जाऊन थांबला होता.

तिने ताट झाकून ठेवलं. स्वयंपाकघरातल्या खणातून पेचकस आणला आणि कपाटापुढे गुडघे टेकून बसली. कपाटाच्या बिजागऱ्या बाहेरून होत्या. उभं आयुष्य कुलपं सांभाळलेल्या माणसाने बिजागऱ्यांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. खालचे स्क्रू गंजलेले होते. पहिला फिरेना, तिने पेचकसाच्या मुठीवर वरवंटा हाणला. आत्याने आतून काहीतरी विचारलं, ते कुणाला कळलं नाही. एकेक स्क्रू फरशीवर पडत गेला. बाबा बाजूला उभे होते. नको म्हणाले नाहीत, मदतीलाही वाकले नाहीत. शेवटी दार कडेने सुटलं आणि कुलपाच्या आधाराने तिरकं लोंबकळत राहिलं. कुलूप शाबूत होतं.

तिने पुढचा माल जमिनीवर ओढून काढला. घट्ट झालेलं फिनेल, पिवळ्या पडलेल्या कापसाच्या गुंडाळ्या. त्यामागे ते खोकं होतं, मागच्या साथीतलं, चिकटपट्टी न उचकटलेलं. ते तिने बाबांसमोर टेबलावर ठेवलं आणि फाडलं. एक मास्क काढून त्यांच्या हातात दिला.

बाबांनी तो उलटसुलट पाहिला. मग माल तपासताना करत तसं त्यांनी इलॅस्टिक दोन बोटांत धरून ताणलं. ते ताणलं गेलं आणि परत आलं नाही. लोंबत राहिलं. त्यांनी दुसरा काढला. त्याचं इलॅस्टिक सरळ तुटलं. तिसरा त्यांनी हातात धरला, पण ताणला नाही.

"हे बाद झालं," ते म्हणाले.

"हो."

"सगळं खोकं बाद."

"हो, बाबा. तिला दिले नाहीत, आणि आता कुणाच्याच कामाचे नाहीत."

ते खुर्चीवर बसले, शिंपिणीने आणून दिलेल्या उशीवर. मग उठले, टेबलावरच्या जुन्या खोक्यातला गाठ मारलेला एक मास्क उचलून कानाला अडकवू लागले. मी जातो आत ताट घेऊन, म्हणाले, तू थांब. मुलीला क्षणभर गलबलून आलं आणि लगेच त्याचाही राग आला. तिने तो मास्क त्यांच्या कानावरून काढून घेतला, हळुवारपणे मुळीच नाही.

"हे नाटक नको. तुम्ही आजारी पडलात तर तुमचंही मलाच करायचंय."

कपाटाच्या तळाशी, अगदी मागे, या महिन्यातली खोकी होती. तिने एक फोडलं. एक मास्क बाबांच्या पुढ्यात टाकला, एक स्वतः चढवला, नाकावरची पट्टी दाबून बसवली. नवे हातमोजे घातले. श्वास आत घेतला की कापड गालांना चिकटत होतं. हे एवढंच करायचं होतं. याला एवढाच वेळ लागत होता.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. डोळे तापाने लाल, तोंड शाबूत.

"काय फोडत होतात मघापासून? मला वाटलं, माझीच तयारी चाललीय."

"कपाट उघडलं."

"दादाने किल्ली दिली?"

"नाही."

आत्याने तिच्या तोंडावरच्या कोऱ्या करकरीत मास्ककडे पाहिलं. हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मुलगी खिडकीशी उभी राहिली. मग तिने ताट दिलं, पाणी दिलं, ताप पाहिला, चादर बदलली. आत्या जेवता जेवता म्हणाली, वहिनीला मी सांगायला हवं होतं गं, घाल म्हणून, नवा घाल. पण तिने कुणाचं ऐकलं असतं? मुलीने उतरवलेली चादर गोळा केली. आई एका माणसाचं ऐकत असे.

ती बाहेर आली तेव्हा दाराबाहेरच्या स्टुलावर दुसऱ्या वेळेसाठी नवा मास्क ठेवलेला होता, हातमोजे होते, आणि शेजारी किल्ली. मधल्या खोलीतून खसफस आवाज येत होता. बाबा जमिनीवर बसून बाद माल गोणीत भरत होते. गाठी मारलेले मास्क त्यांनी गोणीत टाकले नव्हते. ते मांडीवर घेतले होते.

याच स्टुलावर आई धुतलेला मास्क वाळत टाकायची.

तिने किल्ली उचलून आपल्या खिशात टाकली, बाबांकडे न पाहता हात धुवायला गेली, आणि साबणाच्या पापुद्र्याशेजारी एक नवी वडी फोडून ठेवली.