नानाय लुमिनचं कोमट पाणी

“पाय काढ बाहेर. लाजतोस काय नव्या नवरीसारखा?” नानाय लुमिन माझ्यावर खेकसली.

मी शाळेच्या बाकावर पाय आत ओढून बसलो होतो. वादळाला पंधरा दिवस झाले होते. फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर घर म्हणावं असं काही उरलं नव्हतं, आणि सखल भागात साचलेल्या पाण्यात उंदीर, कोंबड्या, डुकरं मरून तरंगत होती. आम्ही गडी दिवसभर त्यातूनच पत्रे आणि तुळया उपसत होतो. या पाण्यातून लेप्टो होतो, काम संपलं की पाय धुवा, असं नानाय घसा फुटेस्तोवर सांगत होती. आम्ही ‘हो नानाय’ म्हणायचो आणि चिखलाच्या पायांनी तसेच शाळेत, जिथे सगळा गाव आसऱ्याला होता, आडवे व्हायचो.

यात आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. दमल्या, तापल्या अंगावर पाणी घेतलं की पास्मा होतो, शिरा आखडतात, हात थरथरतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझी आई इस्त्री केली की दुसऱ्या दिवसापर्यंत हाताला पाणी लावत नसे. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी साबणाचं चित्र असलेली पत्रकं वाटली. त्या पत्रकांनी आम्ही चुली पेटवल्या.

नानाय, म्हणजे आमच्या बोलीत आई, मात्र आमचीच होती. सव्वीस वर्षं गावची आरोग्यसेविका, पोरांची वजनं करण्यात आणि बाळंतिणींच्या मागे लागण्यात हाडं झिजवलेली. तिने पास्म्याला खोटं म्हटलं नाही. तिने शाळेच्या फाटकाशी तीन दगडांवर पिंप चढवलं, पाण्यात मीठ आणि पेरूचा पाला टाकला.

“आधी अर्धा तास बसा, पेज प्या, अंग निवू दे,” ती म्हणाली. “कोमट पाण्याने कुणाला पास्मा झालेला ऐकलाय? मग!”

तरी कुणी उठेना, तेव्हा ती बादली पालथी घालून समोर बसली आणि स्वतःच एकेकाचे पाय धुवायला लागली.

“नानाय, पवित्र गुरुवार यंदा लवकर आला वाटतं,” तोमोय म्हणाला. तो माझा सुतारकामातला जोडीदार. त्या गुरुवारी चर्चमध्ये पाद्री बाराजणांचे पाय धुतात.

“पाद्रीबाबांपुढे येतात ते घरून पाय धुऊन येतात. तुझ्या पायांत भात लावता येईल, मेल्या.”

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात तिने माझी पोटरी दाबली आणि मी किंचाळलो.

नानायचं हसू गेलं. तिने ओल्या बोटाने माझी पापणी ओढली. “डोळे कधीपासून लाल आहेत, पानियो?”

“धुराने झालेत.”

“ताप?”

“थोडा. परवापासून.”

“लेप्टो होऊ नये म्हणून मी दर आठवड्याला गोळी देते, ती खातोस ना?”

तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. दोन्ही गोळ्या मी तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्या. धडधाकट माणसाने औषध गिळायचं म्हणजे नासाडी. आमच्यासारख्यांच्या घरात गोळी जपून ठेवायची असते, अडीअडचणीला.

“पोरांसाठी ठेवल्यात, नानाय. ती आजारी पडली तर...”

ती शिव्या घालील असं वाटलं होतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, “त्या मोठ्या माणसांच्या गोळ्या आहेत रे. तुझ्या पोरांना बाप लागेल.”

मग ती उठली आणि तांदूळ उतरवून परत निघालेल्या ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर कुरकुरला. ती हलली नाही. त्याच ट्रकने मी शहरातल्या तंबूच्या दवाखान्यात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी माझी लघवी बंद झाली. अजून एक दिवस उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टरांनी माझ्या बायकोला, दिग्नाला, सांगितलं. आज मी हे सांगतोय ते त्या म्हातारीच्या बोटांमुळे. हे मला कुणासमोरही कबूल करायला कमीपणा वाटत नाही.

मी तिकडे असताना इकडे नानायने सगळ्या गड्यांचे खिसे उलटे करायला लावले. टोप्यांच्या अस्तरातून, विड्यांच्या पाकिटांतून गोळ्या निघाल्या. तोमोयची तर जपमाळेच्या पिशवीत होती. सगळ्यांनी तिच्यासमोर गोळी गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. नंतर आणखी दोघांना ताप आला, पण दोघंही वेळेत गेले. आमच्या टोळीतला एकही माणूस दगावला नाही.

तिच्या घरात ती आणि नवरा, दोघंच. नवरा वादळाच्या पहाटे होडी बांधायला गेला होता, तो परतला नव्हता. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, “येईल. पोहता येतं त्याला.” आणि पुढचा पाय ओढून घ्यायची.

मी परत आलो त्या आठवड्यात तांदळाचं वाटप होतं. भर उन्हात रांग. नानाय उशिरा आली. लोक म्हणाले, पुढे जा.

“का? मी काय मेयरची सासू आहे?” ती शेवटी जाऊन उभी राहिली.

माझा नंबर पहिलाच होता. कारकुनाने माझं नाव विचारलं. मी निघालो आणि नानायच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझ्यामागून तोमोय आला. मग त्याच्यामागचा. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या. बघता बघता सगळी रांग तिच्या मागे गेली आणि टेबलासमोर ती एकटी उरली.

“मेल्यांनो, उन्हाने डोकी फिरली काय तुमची?” ती ओरडली.

कारकून पोरगेला होता, परगावचा. त्याने तिचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “घरात माणसं किती?”

नानायने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे पाहिलं.

“एक,” ती म्हणाली.