आपोआप मंजूर होणारा कागद

बाबांच्या दालनात भरदुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं अर्ज लिहीत, घडी घालून ताटात ठेवत. बाबा तो न वाचताच मंतरलेलं पाणी शिंपडत, आणि घडी उघडली की कागदावर लालगुलाबी अक्षरं उमटलेली असत: ‘मंजूर’.

“वाचायचं कशाला?” बाबा म्हणत. “वरच्या कार्यालयाला सगळं ठाऊक असतं. तिथे साहेब जेवायला गेलेले नसतात.”

मी नगरपालिकेत अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसतो. आमच्याकडे हा शब्द उमटायला तीनेक वर्षं लागतात, तेव्हा मीही तोंडात बोट घातलं.

काळजी नंतर सुरू झाली. वस्तीतलं प्रसूतिगृह बंद करायचा प्रस्ताव आला होता. हरकती द्यायला शुक्रवारी पाचपर्यंत मुदत होती. पुढचं रुग्णालय नदीपलीकडे, तिकडे दिवसातून दोन बस, आणि माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना.

“हरकत दिलीस का गं?” मी तिला विचारलं.

“दादा, बाबांकडे कधीच मंजूर झालीय.”

“आमच्याकडे नाही आली.”

“तुमच्याकडे वेळेवर येतं काय?”



बुधवारी प्रसूतिगृहातल्या नर्सबाई खिडकीवर आल्या. “हरकती किती आल्या?”

“एक. तुमचीच. बाकीच्यांच्या बाबांकडे मंजूर झाल्यात.”

बाई चिडल्या नाहीत. बाबांकडचा कागद कुठून मिळतो, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दारातच चेला देतो, घरचा चालत नाही. पाणी कसं असतं? हाताला जरा बुळबुळीत लागतं, मी सांगितलं.

“असं होय!” बाई म्हणाल्या. “उद्या रजा टाका.”

गुरुवारी बाईंनी दारातला कागद घेतला, चार ओळी खरडल्या आणि ताटात ठेवला. पाणी पडलं, अक्षरं उमटली. लोकांनी हात जोडले.

“मोठ्यानं वाचू?” बाईंनी विचारलं.

“वाच, माई. लोकांनाही कळू दे.”

“‘हे दालन तातडीने पाडून येथे सार्वजनिक शौचालय बांधावे.’ मंजूर!”

 मग वस्तीतल्या शिंप्याची बायको हळूच म्हणाली, “बायकांचं वेगळं असेल ना?”

“ही भक्तांची परीक्षा आहे!” बाबा गरजले.

बाईंनी दारातला कोऱ्या कागदांचा गठ्ठाच उचलून आणला आणि एकेकावर तेच पाणी शिंपडलं. मंजूर, मंजूर, मंजूर. वर अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

“हे फिनॉल्फ्थॅलिन,” बाई म्हणाल्या. “पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत असायचं. त्यानं लिहिलं की वाळल्यावर काही दिसत नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी पडलं की लालगुलाबी होतं. तुमचे अर्ज बाबांनी जुलाबाच्या औषधानं मंजूर केलेत.”

“मग चौकातला दिवा मंजूर झाला तो?” गर्दीतली माझी बहीण हट्टानं म्हणाली. “बाबांनी आठ दिवस आधी सांगितलं होतं!”

आता मला बोलणं भाग होतं. “त्या दिव्यासाठी शिंप्यानं दोन वर्षांत अकरा अर्ज दिले. अंधारात पडलेल्या सतरा जणांची यादी जोडली, सभेला वीस माणसं आणली. सभेपुढचे विषय आठ दिवस आधी नगरपालिकेच्या फलकावर लागतात. बाबांचा चेला ते लिहून नेतो. मी रोज बघतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही,” मी म्हणालो. नोकरीत हे उत्तर मी हजारदा दिलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

शुक्रवारी पाचपर्यंत एकशे बारा हरकती आल्या. प्रत्येकीत बसच्या वेळा होत्या, वर्षभरातल्या बाळंतपणांचा आकडा होता, खाली सही होती. सोमवारी सुनावणीला चाळीस बायका येऊन बसल्या आणि निर्णय होईपर्यंत उठल्या नाहीत. प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलला. रद्द झालेला नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी परत बसावं लागेल. माझ्या बहिणीला मुलगी झाली, घरापासून दहा मिनिटांवर.

वाचकहो, काही बदलून हवं असेल तर साध्या कागदावर लिहा. आकडे जोडा, सह्या गोळा करा, पोच घ्या आणि चारचौघांना घेऊन सभेला जा. उत्तर आलं नाही तर पुन्हा जा. आणि खिडकीवरचा माणूस गप्प बसला असेल, तर त्याला विचारा.