गाईची म्हैस

“एवढे लांब कान हाईत का माझे?” उंबऱ्यात बसलेला कानिफनाथ कुरकुरला. स्वतःशीच, पण आत भाकरी थापणाऱ्या धाकट्या बहिणीला, गोजरबाईला, ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. “गाढव काढायचं तर काढ म्हनावं. पर मढीच्या यात्रेत, गाढवांच्या बाजारात, गिऱ्हाइकाला दात दाखवताना?”

तिसगावातल्या त्या घरात आठवडाभर हेच चाललं होतं. गोजरबाईची थोरली राजनंदिनी नगरला राहून चित्रं काढायची. तिची चित्रांची कादंबरी छापून ती सुट्टीला घरी घेऊन आली, आणि शाळा सुटल्यापासून ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं तेसुद्धा थुंकी लावून पानं उलटू लागले. माणसं सगळी जनावरांच्या रूपात होती, त्यामुळे जो तो आधी स्वतःला शोधायचा. बाप रामहरी कासव निघाला. बोलायची वेळ आली की मान आत. त्याला राग आला नाही. “कासवाला देवळात जागा असती,” म्हणाला आणि जेवायला बसला. गोजरबाई मेंढी होती, लग्नाच्या मांडवात उभी राहून रवंथ करणारी. तोंडवळा इतका तिचाच होता की तिनं ते पान घाईनं उलटलं.

गोष्ट साधी. एका गाईचं वाघाशी लग्न ठरतं. वऱ्हाडी वाघाच्या पट्ट्यांचं कौतुक करतात, अक्षता टाकतात, पंगती उठतात. शेवटच्या पानावर रिकाम्या अंगणात गाईच्या गळ्यातली घंटा तेवढी पडलेली.

गाय म्हणजे धाकटी रूपाली, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. राहुरीच्या रविराजशी तिची सुपारी फुटायची होती. स्थळ कानिफमामानंच आणलेलं. बागायत, बंगला, दारात गाडी. रविराजची पहिली बायको वर्षाच्या आत माहेरी परतली होती. तिला करमलं नाही, असं राहुरीत सांगत, म्हणून तिसगावातही तेच सांगत. गोजरबाईनं त्या पोरीला एका लग्नात पाहिलं होतं, प्लास्टरातला हात झोळीत अडकवलेला; रामहरीही शेजारीच होता. न करमल्यानं हाड मोडत नाही, एवढं तिला कळत होतं. घरी आल्यावर तिनं रामहरीकडं पाहिलं, रामहरीनं ताटाकडं. मामा तर त्याच लग्नात त्या पोरीच्या पंगतीला बुंदी वाढत होता.

पण आता त्या घंटेनं मामाची झोप उडवली. त्यानं पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना ओट्यावर आणून बसवलं.

“पोरीनं भविष्यच काढून ठेवलंय. उपाय सांगा.”

गुरुजींनी पानं चाळली आणि दचकले. मूळ पत्रिकेत नक्षत्रावरून रूपालीची योनी गाईची, रविराजची वाघाची; शास्त्रात त्याला महावैर म्हणतात. म्हणूनच मामाच्या सांगण्यावरून त्यांनी तिचा पहाटेचा जन्म दुपारवर नेला होता. नक्षत्र बदललं, गाईची म्हैस झाली, गुण जुळले.

“हिला पत्रिका कुणी दाखवली?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“मी पत्रिका बघितली न्हाई,” राजनंदिनी म्हणाली. “रविराजला बघितलं.”



“ते ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाला. “परत काढ. गाईची म्हैस कर, वाघाचा घोडा कर.”

“घोडा नको,” गुरुजी घाबरले. “म्हशीचं अन् घोड्याचं वैर असतं.”

“मंग हत्ती?”

“त्या काडीवानी पोराला हत्ती?” कासवानं मान बाहेर काढली आणि लगेच आत घेतली.

“कायबी कर, पर पोरी, लगे हात माझे कान तेवढे कमी कर.”

“मामा, पुस्तक छापून झालंय. नगरला दुकानात लागलंय.”

तेवढ्यात मामाचा मोबाईल वाजला. त्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मांडीवर थाप मारली. कुणीतरी वाघाचं पान रविराजला पाठवलं होतं. त्यानं ते स्टेटसला ठेवलं होतं, खाली लिहिलं होतं, ‘मेव्हणीनं बरोबर ओळखलं.’

“बघा! पोरगा खूश हाय! आपुन उगंच रडत बसलो.” मामा फोन घेऊन सगळ्यांपुढून फिरला. गुरुजींनीही पट्टे भरदार आल्याचं कबूल केलं आणि एका छोट्या शांतीवर भागेल म्हणाले. “रूपे, चहा टाक. शनवारीच उरकून टाकू सुपारी.”

रूपाली उठली आणि भिंतीला हात लावून तिथंच उभी राहिली. म्हैस झाल्यापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. ती आईकडं बघत होती.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. गोजरबाईनं ती उलटली नाही. पिठाच्या हातानंच ती ओट्यावर आली. थोरल्या भावापुढं ती आजवर पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती.

“दादा, वाघ-बिघ ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “त्यानं पहिल्या बायकोचा हात मोडला. त्यो मोडका हात तुमी पाह्यला, ह्यांनी पाह्यला, मी पाह्यला. आन् तरी आपुन त्याला माझी पोरगी द्याया निघालो.”