दोरा न काढलेला शर्ट

दीपमालाच्या पेजचा एकच नियम होता: एकदा दिसलेला कपडा पुन्हा दिसायचा नाही. तिच्या रील बघून गारखेड्यातल्या मुली खरेदीला निघत. त्यामुळे कपाट सतत रिकामं करावं लागे, आणि जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी मालनबाई हाक न मारताही दारात येऊन बसे.

त्या दिवशीच्या गठ्ठ्यात फिका हिरवा शर्टही होता. त्याच्या कॉलरवर दीपमालानं स्वतः पिवळ्या रेशमाची वेल भरली होती. त्याच शर्टातल्या रीलनं तिचं पेज शहरभर पोचलं होतं.

"दोरा काढला का?" मालनबाईनं विचारलं.

आई कपडा देताना त्याच्या शिवणीतून एक दोरा ओढून घेई आणि तुळशीत टाकी. आज आई घरी नव्हती.

"कशाला काढायचा?" दीपमालानं फोनचा कॅमेरा सुरू केला.

"अंगावरचा कपडा माणसाला धरून ऱ्हातो, पोरी. दोरा काढला की सोडतो. नाय तर जाताना तुला घेऊन जाईल."

"म्हणजे मी एका पातेल्यावर गेले म्हणायची!"

"हास, हास. सांगायचं काम माझं."

तो व्हिडिओ हिरव्या शर्टाच्या रीलपेक्षाही जास्त चालला.

काही दिवसांनी तिला मुकुंदवाडीच्या तनुजाची रील दिसली. "छावणीच्या बाजारात मिळाला, बघा!" म्हणत ती पोरगी कॉलरवर पिवळी वेल असलेला तोच हिरवा शर्ट मिरवत होती. गोल चेहरा, आखूड केस. दीपमालाशी काही साम्य नाही. पण पुढच्या रीलमध्ये बोलण्याआधी तिनं खालचा ओठ चावला, दीपमाला चावते तसा. त्याच्या पुढच्या रीलमध्ये तिच्या डाव्या भुवईत खाच होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून दीपमालाला झालेली, तीच.

मेकअप असेल, फिल्टर असेल. दीपमाला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं स्वतःचा जुना आणि तनुजाचा असे दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवले आणि थांबवत थांबवत पाहिले. मान वळली की खाचेतली सावलीही वळत होती. तनुजाच्या रीलखाली लोक विचारत होते, "ताई, नवीन पेज काढलं का?" आणि तिच्या स्वतःच्या नव्या रीलखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ही कोण?"

मग तिचा फोन तिचा चेहरा ओळखेना. तिनं काच पुसली, उजेडात धरून पाहिला. शेवटी आकडे दाबून उघडावा लागला. आरशात तिला काही वेगळं दिसलं नाही. भुवईवरून बोट फिरवलं, तेव्हा खाच लागली नाही.

शर्ट राहू दे, दोरा तेवढा काढून आणायचा, असं ठरवून तिनं तनुजाला मेसेज केला. तनुजानं लगेच पत्ता पाठवला. खाली लिहिलं होतं, "वाटच बघतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तनुजाच्या घराचं दार एका बाईनं उघडलं. "आलीस व्हय? फोन घरीच टाकून जातीस, किती हाका मारल्या."

"मावशी, मी दीपमाला. तनुजा आहे का?"

बाई हसल्या. "लई झालं तुझं ते रीलचं नाटक. पाय धू, भाकर गार होतीय."

"तो हिरवा शर्ट कुठंय?"

"तूच घालून गेलीस की सकाळी! बदलला कुठं?"

दीपमालानं तिथंच उभ्याउभ्या आईला फोन लावला. "आई, मी मुकुंदवाडीत आहे. लवकर ये."

"कोण बोलतंय? दीपूचा फोन कुणाकडं आहे?"

"मी, दीपू."

"कोणाची गं तू? काय थट्टा लावली? दीपू इथं माझ्यासमोर पोहे खातीय." मग आई तिकडं कुणाला तरी म्हणाली, "अगं, काढ तो शर्ट, मळलाय किती."

"नको आई," पलीकडून दीपमालाचा आवाज आला. "हा आता कुणालाच द्यायचा नाही."

फोन कट झाला.

कोनाड्यात काचेला तडा गेलेला एक फोन पडला होता. दीपमालानं तो उचलला, चेहऱ्यासमोर धरला. तो उघडला.

"बघत काय बसलीस?" ताट घेऊन येता येता बाई म्हणाल्या. "तुझाच हाय."