झिंग्याचं पाणी

कोळंबीची टरफलं उकळण्यात माझं वर्ष गेलं. मेहरूणच्या आमच्या घराला असा वास लागला की शेजारणी हळदीकुंकवालाही येईनाशा झाल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं आणि घरी येऊन टरफलं आधी ॲसिडमध्ये, मग कॉस्टिक सोड्यात शिजवायची. त्यातून निघणारी पूड पातळ व्हिनेगरमध्ये विरघळवायची. त्या पाण्यात बुडवलेल्या केळीवर न दिसणारा पापुद्रा धरतो आणि ती उशिरा पिकते. आता एक ट्रक दिल्लीपर्यंत हिरवा पोचला, तर तिथला केळीचा व्यापारी हे पाणी घेणार होता. नाही पोचला, तर पुन्हा टरफलं उकळायचं त्राण माझ्यात नव्हतं.

रावेरजवळच्या आमच्या मळ्यात घड उतरले. मजूर बाया घडाच्या फण्या कापून त्या पाण्यात बुडवू लागल्या. यशोदाबाईनं हात हुंगला.

"लीलाधरभाऊ, कशाचं पानी हाय हे?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. "झिंग्याच्या टरफलांचं," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात बाहेर आले. "आमच्या गयात तुळशीची माळ हाय, भाऊ." भांडण नाही, काही नाही. हात धुऊन त्या बांधावर जाऊन बसल्या. माझा संताप झाला, पण तो काढायचा कुणावर? मी एकटाच बुडवत राहिलो. कंबर मोडून आली.

झुंबरबाई, माझी आई, हे बघत उभी होती. तिची माळ माझ्या जन्माआधीची. तिनं ती उतरवली, कपाळाला लावली आणि विहिरीजवळच्या खुंटीला अडकवली.

"आई, राहू दे."

"तू हात चालव. इठ्ठलाले मी सांगीन."

ती माझ्याशेजारी बसून फण्या बुडवू लागली. ट्रक भरला.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला एसटीडी बूथवरून फोन लावला, तेव्हा आई दारात उभी होती. माल हिरवागार आला, तो खुशीत म्हणाला, पण हे पाणी कशाचं? मी सांगितलं. "मास्तर, केळी लोक उपवासाला खातात. बाजारात कळलं तर माझं दुकान उठेल. नको."

मी फोन ठेवला.

"पोचली हिरवी?" आईनं विचारलं.

"पोचली. पण त्याला नको."

सवयीनं तिचा हात गळ्याशी गेला आणि रिकामाच खाली आला. उतरवलेली माळ ती आधी घालून देणाऱ्या बुवांच्याच हातून पुन्हा घालायची असते.

"बुवाकडे जाते," ती म्हणाली. "कशापायी उतरवली, इचारतीनच."

"मी येऊन सांगू?"

"नको रे बापा. तू थकेल हाय, खरं सांगून टाकशीन."